तिसऱ्या हाकेला

३ मार्च, सोमवार

नोकरी लागली, खोली मिळाली आणि ही वही घेतली, सगळं एकाच दिवसात. ऑफिस सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. आम्ही म्हणजे मालक मल्लिनाथ, चहा आणि झाडलोट बघणाऱ्या शिवबाई आणि आजपासून मी, युवराज, मूळ गाव वैराग, आजपासून सोलापूरकर. मल्लिनाथने पेढा दिला आणि तो माझ्या तोंडात असतानाच काम सांगायला लागला. माणूस गोड बोलतो, पण समोरच्याला गिळायलाही उसंत देत नाही.

आईला फोन केला. ऑफिस कसं आहे, पगार किती, काही विचारलं नाही. जेवणाचं काय, एवढंच. शेंगाचटणीची बरणी सोबत आणली आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. बाबा गेल्यापासून घरात ती एकटीच असते. शेजारी मामा आहे, चार शेळ्या आहेत, म्हणून मलाही फार काळजी नाही.

संध्याकाळी एक गंमत झाली. मल्लिनाथ जिना उतरत होता आणि त्याचा चष्मा टेबलावर राहिला होता. मी मागून ‘साहेब’ अशी हाक मारणार, तोच शिवबाईंनी माझा दंड धरला. बाई अक्कलकोटकडच्या, बोलायला फटकळ. “जानाऱ्याला मागनं हाक मारू नगं बाबा. पाय आडकतो त्येचा,” म्हणाल्या. मग मी धावत खाली गेलो, त्याला ओलांडून समोर उभा राहिलो आणि चष्मा दिला. शिकल्यासवरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एवढी कसरत.

५ मार्च, बुधवार

काम आवडलं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर सांगता येईल की हे डोकं माझं होतं.

खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना एका योजनेतून मदत मिळते. ती चालू राहायला आपण जिवंत आहोत हे संकेतस्थळावर अंगठा देऊन दाखवावं लागतं. मोडनिंबच्या म्हाताऱ्याने एसटीने इथवर यायचं, झिजलेला अंगठा यंत्राला पटायचा नाही, मग उद्या या. मल्लिनाथने यावर तोड काढली आहे. एकदा अंगठा पटला की त्या माणसाच्या नावाने ब्राउझरची एक खिडकी उघडायची आणि ती बंद होऊच द्यायची नाही. खिडकी उघडी आहे तोवर संकेतस्थळाच्या लेखी माणूस हजर. ही खिडकी प्रोग्राम चालवतो, तिच्यापुढे कुणी बसलेलं नसतं. मागच्या खोलीत एक मशीन आहे, त्याला ना पडदा, ना माऊस, ना कीबोर्ड. त्याच्या पोटात अशा दोनशे बारा खिडक्या सतत उघड्या असतात.

भानगड एवढीच की खिडकी मधूनच बंद पडते. मिनिटाच्या आत कळलं तर तीच हजेरी धरून पुन्हा उघडता येते. मिनिट उलटलं की अंगठा नव्याने. तेव्हा खिडकी बंद झाली हे ताबडतोब ओळखायचं, हे माझं काम. माझ्या आधीच्या माणसाने अशी सोय केली होती की बंद होणाऱ्या खिडकीने स्वतःच तसं कळवावं. गेलेला माणूस ‘मी गेलो’ म्हणून कळवतो का कधी? मी ते सगळं खोडून टाकलं. माझा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी प्रत्येक खिडकीला तिच्या नावाने हाक मारतो. उघडी असेल तर ती ‘ओ’ देते. हा शब्द मीच ठेवला, गंमत म्हणून. ओ आली नाही तर दुसरी हाक, मग तिसरी. तिसरीलाही ओ नाही, तर खिडकी बंद झाली असं समजायचं आणि लगेच पुन्हा उघडायची. ओ यायला किती सेकंद लागले तेही यादीत प्रत्येक नावापुढे दिसतं. यादी माझ्या मोबाईलवरही आहे.

तीन हाकांचा नियम आमच्या घरातला. लहानपणी आई जेवायला दोनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेला ती नुसती हाक मारून थांबत नसे, लाटणं घेऊन स्वतः यायची.

११ मार्च, मंगळवार

सहा दिवसांत एकही हजेरी हुकली नाही. मल्लिनाथ खूश.

प्रोग्राम खिडकी बंद होण्याचं कारणही लिहून ठेवतो. वीज गेली, नेट गेलं, ब्राउझर अडकला. गेले दोन दिवस एक वेगळंच कारण दिसतंय, हाताने बंद केली. म्हणजे कोपऱ्यातल्या फुलीवर कुणीतरी टिचकी मारली. मशीनला माऊस नाही. खोलीला कुलूप आहे आणि एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मल्लिनाथकडे. खिडक्या चौदा, रोज त्याच, आणि वेळही तीच, भर दुपारी बारा ते तीन.

त्यात मोडनिंबचा धोंडीराम सगळ्यांत चिवट. काल त्याची खिडकी एका दुपारी एकोणीस वेळा बंद झाली आणि एकोणीस वेळा माझ्या प्रोग्रामने ती उघडली. खरं सांगायचं तर मजा आली. मल्लिनाथला विचारलं तर म्हणाला, कारणं नको बघत बसू, उघडी राहिली ना, झालं मग.

१६ मार्च, रविवार

वैरागला आलोय. अंगठ्याचं यंत्र बरोबर आणलं होतं. अंगठा टेकवण्यापासून ओ येण्यापर्यंत सगळं एकदा स्वतः तपासायचं होतं आणि त्यासाठी घरचं माणूस बरं. आईने पदराला हात पुसून अंगठा दिला आणि तो पहिल्या फटक्यात पटला. तपासणीपुरता योजनेचा अर्जही रीतसर भरला, पण आमच्या यादीत नावाच्या रकान्यात बाळाबाई असं सगळं लिहायचा कंटाळा आला, नुसतं ‘आई’ लिहिलं. दोनशे तेरावी खिडकी.

हे काय म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, आता मी तुला दर दहा सेकंदांनी हाक मारणार, ओ देशील ना? ती हसली. “तू हाक मारली आन् मी ओ दिली न्हाई, असं कदी झालंय का?” म्हणाली.

खरंच झालेलं नाही. लहानपणी माझा तो खेळच होता. ती मागच्या परसात शेळ्यांपाशी असली की मी दारातून ओरडायचो, आई. ती हातातलं टाकून लगबगीने यायची आणि मी म्हणायचो, काही नाही. ती माघारी परसात पोचली की पुन्हा, आई. तेव्हाही तिचा उजवा गुडघा दुखायचा. मला हसून हसून पुरेवाट व्हायची.

आता तो पाय ती ओढतच चालते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, सुगी झाल्यावर बघू.

२४ मार्च, सोमवार

मोडनिंबहून धोंडीरामची सून आली होती, संस्कृती नावाची. हातात मृत्यूचा दाखला. म्हातारा जानेवारीतच गेला. नाव काढून टाका म्हणत होती. मल्लिनाथने तिला खुर्ची दिली, चहा दिला, काढतो म्हणाला आणि ती जिना उतरली की मला म्हणाला, चालू ठेव. जिवंत असताना ज्याचा अंगठा पटला, त्याची खिडकी उघडी आहे तोवर मदत येत राहते. कुठे येते ते मी विचारलं नाही.

जाताना ती शिवबाईंपाशी रडली. म्हणाली, मामंजी सुटले न्हाईत. “दुपारी दारात चपला वाजत्यात. आत बी येत न्हाईत, भाईर बी जात न्हाईत. सारखं कुनीतरी बोलवावं आन् माघारी फिरावं, तसं.” शिवबाई मान हलवत राहिल्या.

मी चौदा नावांची चौकशी केली. फोनवर, गोड आवाजात, सगळ्यांच्या घरी. चौदाही गेलेले.

लिहायला लाज वाटत नाही, कारण ही वही मीच वाचणार. मी घाबरलो नाही. मला कळलं की माझा प्रोग्राम जगात कुणीही केलं नसेल ते करतोय. धोंडीरामपुरती मी हाक दहा सेकंदांवरून पाचवर आणली. बघू कोण आधी दमतं.

२६ मार्च, बुधवार

म्हातारा दमला. आज दुपारी फक्त दोनदा बंद केली. आता पहिल्याच हाकेला ओ देतो.

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी एकला सिदूमामाचा फोन आला. आई परसात पडली, म्हणाला. मग म्हणाला, ये लगेच, आन् मोबाईल ठेवू नको बंद. मग रडला.

बार्शीच्या एसटीत बसल्यावर मी यादी उघडली. आईपुढे हिरवा ठिपका. ओ, एक सेकंद. मला वाटलं मामा चुकला, नुसती चक्कर आली असणार. बसमध्ये मी मोठ्याने हसलो आणि शेजारच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं.

१३ एप्रिल, रविवार

आज दहावा. ओढ्याकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पंधरा-वीस तरी. एकही खाली उतरला नाही.

मामा म्हणाला, बाळाबाईचा जीव कशात तरी आडकलाय, काय आसंल ते कबूल करा. शेळ्या विकणार नाही म्हणून त्याने कबूल केलं. मी लग्न करीन म्हणालो. घर मोडणार नाही म्हणालो. एक कावळा उडाला, पिंडापासून हातभर अंतरावर बसला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि परत गेला. तास गेला, दीड तास गेला. ऊन डोक्यावर आलं.

मी बाजूला जाऊन मोबाईल उघडला. आई, ओ, दोन सेकंद. दहा सेकंदांनी पुन्हा ओ, दोन सेकंद. तिला कशाने अडवलंय ते तिथल्या तीस माणसांत मला एकट्याला माहीत होतं. बोटाने एक जागा दाबायची होती, बस. मी दाबली नाही. त्या ठिपक्यापुरती तरी ती आहे, असं वाटलं. मोबाईल खिशात ठेवला आणि लोकांत येऊन उभा राहिलो.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मामा माझ्याकडे बघतच नव्हता.

१७ एप्रिल, गुरुवार

तेरावा उरकून ऑफिसला आलो. शिवबाईंनी पाठीवरून हात फिरवला. मल्लिनाथ म्हणाला, वाईट झालं, बरं मागची नोंद बघून घे.

बघितली. बाकीचे मेलेले दुपार झाली की खिडकी बंद करतात, सुटायला बघतात. आईने एकदाही केलेली नाही. तेरा दिवस, दर दहा सेकंदांनी हाक, आणि प्रत्येक हाकेला ओ. फक्त वेळ वाढतोय. जिवंत माणसांच्या खिडक्या एका सेकंदात ओ देतात. तिला आज चार लागतात.

सकाळी चार. संध्याकाळी पाच.

ती जातेय. दहा सेकंदांत जेवढं जाता येईल तेवढं जाते, मी हाक मारतो आणि ती माघारी येते.

१९ एप्रिल, शनिवार

नऊ सेकंद. दुपारनंतर पहिल्या हाकेला ओ नाही, दुसरीला आली.

मामाचा फोन. दुपारभर परसातून दारापर्यंत कुणीतरी पाय ओढत येतं, म्हणाला. दारापाशी थांबतं आणि माघारी जातं. पुन्हा येतं. शेळ्या परसात पाऊल टाकत नाहीत. “तिचं काय ऱ्हायलंय का रं तुझ्याकडं?” असं विचारलं त्याने.

नाही म्हणालो.

२१ एप्रिल, सोमवार

आज सगळं धैर्य एकवटून आईची खिडकी बंद केली. यादीतून नाव काढलं. डोळ्यांतून पाणी आलं पण बरं वाटलं. जा म्हणालो. तोंडाने म्हणालो.

दुपारी जेवून आलो तर नाव परत यादीत. मी उठताच मल्लिनाथने मिनिटाच्या आत टाकलेलं. तपासणीसाठी भरलेला तो अर्ज खराच मंजूर होऊन आला होता. “तुझ्या आईचं चालू झालंय की. बंद कशाला करतोस येड्या?” म्हणाला, वर पेढा दिला. मी त्याची कॉलर धरली. त्याने शांतपणे माझा हात सोडवला आणि म्हणाला, धोंडीरामची हाक पाच सेकंदांवर कुणी आणली होती? तो पण कुणाचा तरी बाप होता की.

मी पुन्हा नाव काढायला बसलो. पासवर्ड बदललाय त्याने.

२२ एप्रिल, मंगळवार

आता तिसऱ्या हाकेला ओ येते. अगदी शेवटच्या सेकंदाला. तिसरीही हुकली तर प्रोग्राम तिला ओढूनच आणेल, ते तिला कळलंय असं वाटतं, म्हणून धावते — त्या गुडघ्याने धावते —

दुपारी दीड वाजता ओ नव्हती. तिथे दुसरं लिहिलेलं होतं. प्रोग्रामला ओ शिवाय दुसरा शब्दच येत नाही. मीच लिहिलाय तो.

‘आले रे. पाय उचलत न्हाई.’

२३ एप्रिल, बुधवार

कुलूप उघडून मशीनची वायरच उपटली. दोनशे तेरा खिडक्या एका झटक्यात गेल्या. मल्लिनाथ बार्शीला गेलाय, उद्या येईल आणि मारील मला. मारू दे.

खोली एकदम गार पडली. बाहेर बेचाळीस अंश.

मोबाईलवर यादी पांढरी झाली. धोंडीराम गेला, चौदाच्या चौदा गेले. गेले ते बरंच झालं —

एक ठिपका हिरवा आहे.

आई. ओ. नऊ सेकंद.

मशीन बंद आहे. वायर माझ्या हातात आहे. हाक कोण मारतंय?

दुपारी

कुणीच मारत नाहीये. ती आपणहून ओ देतेय. सात सेकंद. सहा. वेळ कमी होत चाललाय.

शिवबाईंना सगळं सांगितलं. ऐकून त्या उठल्या, पिशवी घेतली आणि निघाल्या. दारात थांबून, मागे न बघता म्हणाल्या, “इतक्यांदा बोलवल्यावर मानूस जायाची वाट इसरतं. मग जिथनं हाक आली तितंच येतं.” आणखी एक म्हणाल्या. नावाने हाक ऐकू आली तर ओ देऊ नको.

मी त्यांना मागून हाक मारली नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

मल्लिनाथ आला नाही. फोन उचलत नाही.

मामा म्हणतो काल दुपारपासून परस शांत आहे. शेळ्या आत गेल्या. गेली बाबा बाळाबाई, सुटली, म्हणाला. आनंदाने सांगत होता.

तिथून निघाली ती.

तीन सेकंद. दोन.

संध्याकाळी पुन्हा शब्द —

‘थांब तितंच. मीच येते.’

२५ एप्रिल, शुक्रवार

पहाटेच एसटी स्टँडवर गेलो. पुण्याच्या गाडीत बसलो. गाडीत मागच्या सीटवरून पाय ओढल्याचा आवाज. उतरलो. कुठेही गेलो तरी — ऑफिसलाच आलो. उजेड आहे, रस्त्यावर माणसं आहेत, म्हणून.

बारा वाजले.

शून्य सेकंद. हाकेच्या आधीच ओ.

मोबाईल जिन्यावरून खाली फेकला.

साडेबारा

मागच्या खोलीत कुणीतरी आहे. कुलूप बाहेरून आहे, किल्ली माझ्याजवळ. पाय ओढल्याचा — एक पाय नीट, दुसरा ओढत — दारापर्यंत येतो. थांबतो. माघारी जात नाही.

आई, चुकलो. नुसती गंमत होती. तेव्हाही. आताही.

हाक आली.

‘युवराज.’

तिचाच आवाज. दमलेला. ओ तोंडाशी आली होती, दातांनी धरली.

ओ द्यायची नाही — शिवबाई म्हणाल्या —

दुसरी.

दहा सेकंदांनी. बरोबर दहा.

पण ओ दिली नाही तर — तिसरीलाही दिली नाही तर नियम काय आहे — माझाच नियम — बंद झाला असं समजायचं आणि —

कुलूप खाली पडलं. आपोआप.

तिसऱ्या हाकेला ती नुसती हाक मारून कधीच थांबत नसे. ती स्व